अलेक्झांडर कॉल्डर

अलेक्झांडर कॉल्डर (जन्म : लॉनटन, पेनसिल्व्हेनिया, २२ जुलै १८९८, मृत्यू : न्यू यॉर्क, ११ नोव्हेंबर १९७६) हे विसाव्या शतकातील एक अग्रगण्य अमेरिकन शिल्पकार होते. वाऱ्याच्या झुळकीने हलणारे, छतापासून टांगलेले किंवा टेकूवर तोललेले 'चलशिल्प' हा शिल्पप्रकार प्रामुख्याने त्यांनी घडविला आणि रूढ केला. जमिनीवर उभ्या असणाऱ्या, पोलादी पत्र्याच्या त्यांच्या अचल रचना 'स्थिरशिल्प' या नावाने ओळखल्या जातात. याखेरीज तारेची व्यक्तिशिल्पे, दागिने, चित्रे, नाट्यनेपथ्य, खेळणी आणि गालिचे असे विविध प्रकारचे काम त्यांनी केले.

शिल्प म्हणजे दगडात कोरलेली, मातीत घडविलेली अथवा धातूत ओतलेली स्थिर वस्तू, ही कल्पना शतकानुशतके दृढ होती. कॉल्डर यांनी तिला दोन बाजूंनी छेद दिला. एक तर त्यांनी शिल्पातून घनता व वजन काढून टाकले आणि केवळ तार व पत्रा यांच्या साहाय्याने अवकाशात आकार निर्माण केले. दुसरे म्हणजे रेषा, रंग व आकार यांच्या जोडीला त्यांनी गती हा शिल्पाचा घटक मानला. त्यामुळे त्यांच्या कलाकृतींचे जतन करणे म्हणजे केवळ वस्तूचे जतन करणे नव्हे, तर तिची गतीही जपणे होय. आणि हा प्रश्न त्यांच्या वारशाच्या केंद्रस्थानी आहे.

घराणे आणि बालपण

कॉल्डर यांच्या घराण्यात शिल्पकला तीन पिढ्या नांदली. आजोबा अलेक्झांडर मिल्न कॉल्डर हे स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीनचे. ते १८६८ मध्ये अमेरिकेत आले. फिलाडेल्फियाच्या नगरभवनाच्या मनोऱ्यावर उभा असलेला विल्यम पेन यांचा सुमारे ११ मीटर उंचीचा कांस्यपुतळा ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. वडील अलेक्झांडर स्टर्लिंग कॉल्डर हेही नामवंत शिल्पकार होते. त्याच शहरातील लोगन चौकातले स्वान स्मारक कारंजे (१९२४) त्यांनी घडविले. आई नॅनेट लेडरर कॉल्डर या चित्रकार होत्या. थोरली बहीण मार्गारेट हिला घरात 'पेगी' म्हणत, तर अलेक्झांडर यांना सर्वजण 'सँडी' या नावाने हाक मारीत.

त्यांच्या जन्मतारखेविषयी एक विसंगती आढळते. जन्मदाखल्यावर २२ जुलै ही तारीख आहे, परंतु आईच्या सांगण्याप्रमाणे कुटुंबात वाढदिवस २२ ऑगस्टला साजरा होत असे.

वडिलांना क्षयरोग झाल्यामुळे कोरड्या हवेसाठी कुटुंब काही काळ अ‍ॅरिझोनात व नंतर कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे राहिले. पॅसाडीनाच्या घरात लहानग्या सँडीला तळघरातली जागा स्वतःचे कामघर म्हणून मिळाली. तेथे तो तांब्याच्या तारेपासून बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने बनवीत असे. १९०९ च्या नाताळात त्याने आईवडिलांना पितळी पत्र्याचे दोन छोटे प्राणी भेट दिले : एक कुत्रा आणि एक बदक. पत्रा कापून व वाकवून केलेले हे बदक बोटाने ढकलताच डोलते. पुढे आयुष्यभर कॉल्डर यांनी जे केले, त्याचे बीज या अकरा वर्षांच्या मुलाच्या भेटवस्तूत दिसते, असे अभ्यासक मानतात.

शिक्षण

कलावंताच्या जीवनातील आर्थिक अनिश्चितता आईवडिलांना ठाऊक होती. कॉल्डर यांनी न्यू जर्सीमधील होबोकेन येथील स्टीव्हन्स तंत्रज्ञान संस्थेत प्रवेश घेतला व १९१९ मध्ये यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी मिळविली. त्यानंतरची काही वर्षे त्यांनी निरनिराळ्या नोकऱ्या केल्या. परंतु कोठेही त्यांचे मन रमले नाही.

१९२२ मध्ये एका प्रवासी जहाजाच्या बाष्पकक्षात ते कामगार म्हणून रुजू झाले. ग्वातेमालाच्या किनाऱ्याजवळ एका पहाटे ते जहाजाच्या डेकवर झोपले असताना त्यांना जाग आली, तेव्हा एका बाजूला तांबडाबुंद सूर्य उगवत होता आणि दुसऱ्या बाजूला रुपेरी चंद्र दिसत होता. आकाशातील दोन गोलांचे हे एकाच वेळी झालेले दर्शन आपल्या मनावर कायमचे कोरले गेले, असे त्यांनी नंतर सांगितले. विश्वातील गोल, त्यांमधील अंतरे आणि त्यांच्या वेगवेगळ्या गती हा पुढे त्यांच्या कलेचा मूलाधार ठरला.

१९२३ मध्ये त्यांनी न्यू यॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या कलाशाळेत नाव नोंदविले. तेथे जॉन स्लोन, जॉर्ज लक्स, बोर्डमन रॉबिन्सन आदी चित्रकारांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. शिकत असतानाच ते एका नियतकालिकासाठी रेखाटने करीत. त्या कामासाठी १९२५ मध्ये त्यांनी दोन आठवडे रिंगलिंग बंधू व बार्नम अँड बेली यांच्या सर्कशीत जाऊन रेखाटने केली. सर्कशीतील तारेवरचा तोल, झुल्यावरची झेप आणि भव्य तंबूतील मोकळा अवकाश यांचे त्यांना जे आकर्षण वाटले, ते अखेरपर्यंत टिकले.

पॅरिसमधील काळ : तारशिल्पे आणि छोटी सर्कस

१९२६ मध्ये कॉल्डर पॅरिसला गेले. तेथे त्यांनी तार, कापड, बूच, लाकूड, चामडे व दोरा अशा साध्या वस्तूंपासून एक संपूर्ण सर्कस तयार करण्यास आरंभ केला. १९३१ पर्यंत तिच्यात भर पडत राहिली. कसरतपटू, विदूषक, सिंह व त्याचा शिक्षक, तलवार गिळणारा खेळाडू अशी अनेक पात्रे तिच्यात होती. ही केवळ मांडून ठेवण्याची खेळणी नव्हती. कॉल्डर जमिनीवर बसून दोऱ्या, कळा व तरफा यांच्या साहाय्याने एकेका पात्राचा खेळ करून दाखवीत, सूत्रसंचालन करीत व प्राण्यांचे आवाजही स्वतःच काढीत. खेळ पाहण्यासाठी त्यांच्या छोट्याशा खोलीत जमणाऱ्यांमध्ये होआन मीरो, फेर्नां लेजे, ल कॉर्ब्युझिए, पीट मोंद्रियान असे त्या काळचे अनेक कलावंत असत. सर्कशीचा सारा सरंजाम पेट्यांमध्ये भरून ते न्यू यॉर्क व पॅरिस अशा दोन्ही शहरांत नेत. वाढत वाढत या पेट्यांची संख्या पाच झाली.

याच काळात त्यांनी पक्कड आणि एक अखंड तार एवढ्यावर माणसांचे चेहरे व प्राणी घडविले. या शिल्पांना 'अवकाशातील रेखाटने' असे म्हटले जाते, कारण कागदावरील रेषा येथे कागद सोडून हवेत उभी राहते. नर्तकी जोसेफिन बेकर यांची तारशिल्पे विशेष प्रसिद्ध आहेत. १९२८ मध्ये न्यू यॉर्कच्या वायही कलादालनात त्यांचे पहिले एकल शिल्पप्रदर्शन भरले. त्याच वर्षी स्पॅनिश चित्रकार मीरो यांच्याशी त्यांची ओळख झाली. ही मैत्री जन्मभर टिकली.

१९२९ मध्ये अमेरिकेकडे जाणाऱ्या जहाजावर त्यांची लुईझा जेम्स यांच्याशी भेट झाली. लुईझा या कादंबरीकार हेन्री जेम्स व तत्त्वज्ञ विल्यम जेम्स या बंधूंच्या घराण्यातील होत्या. जानेवारी १९३१ मध्ये दोघांचा विवाह झाला. त्यांना सँड्रा आणि मेरी या दोन मुली झाल्या.

अमूर्त कलेकडे वळण

ऑक्टोबर १९३० मध्ये कॉल्डर यांनी डच चित्रकार पीट मोंद्रियान यांच्या पॅरिसमधील चित्रशाळेला भेट दिली. पांढऱ्या भिंतींवर मोंद्रियान यांनी पुठ्ठ्याचे लाल, पिवळे, निळे आयत रचनेच्या प्रयोगांसाठी टाचून ठेवले होते. हे आयत हलते केले तर किती छान होईल, असे कॉल्डर यांनी सहज सुचविले. त्याची काही गरज नाही, आपली चित्रे मुळातच वेगवान आहेत, असे उत्तर मोंद्रियान यांनी गंभीरपणे दिले. ही सूचना यजमानांना पटली नाही, परंतु पाहुण्याच्या मनातून ती गेली नाही. या भेटीने आपल्याला धक्का बसला व अमूर्त कलेकडे आपण वळलो, असे कॉल्डर यांनी वेळोवेळी नमूद केले आहे. काही आठवडे त्यांनी अमूर्त चित्रे रंगविली आणि नंतर ते पुन्हा तारेकडे वळले. मात्र आता तारेतून माणसे व प्राणी नव्हे, तर वर्तुळे, गोल व वक्ररेषा साकार होऊ लागल्या.

चलशिल्प

कॉल्डर यांची पहिली गतिमान अमूर्त शिल्पे हाताने फिरविण्याच्या दांड्यावर अथवा लहान विद्युत मोटारीवर चालत. १९३१ मध्ये ती पाहून फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशां यांनी त्यांना 'मोबाइल' हे नाव सुचविले. फ्रेंच भाषेत या शब्दाचे 'हलणारे' आणि 'हेतू' असे दोन अर्थ होतात. मराठीत हा शब्द आज दूरध्वनीच्या संदर्भातच वापरला जात असल्याने कलाविषयक लेखनात 'चलशिल्प' ही संज्ञा सोयीची ठरते.

मोटारीवर चालणाऱ्या शिल्पाची हालचाल ठराविक असते. एक आवर्तन पुरे झाले की तीच हालचाल पुन्हा सुरू होते. हा तोचतोपणा कॉल्डर यांना लवकरच जाणवला. १९३२ पासून त्यांनी मोटारीऐवजी हवेच्या प्रवाहावर भर दिला. हवेने हलणारे शिल्प पुढच्या क्षणी कोणती आकृती धारण करील, हे खुद्द शिल्पकारालाही सांगता येत नाही. त्याचे घटक एकमेकांशी बांधलेले असतात, तरी प्रत्येक घटकाला स्वतःची मोकळीक असते. नियम आणि योगायोग यांचा हा मेळ हेच चलशिल्पाचे खरे वैशिष्ट्य होय.

मोटारीवरील शिल्पेही त्यांनी पूर्णतः सोडली नाहीत. 'अ युनिव्हर्स' (१९३४) या शिल्पात दोन छोटे गोल निरनिराळ्या वेगाने वक्र तारांवरून फिरतात. न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते मांडले असता अल्बर्ट आइनस्टाइन यांनी त्याचे सुमारे ४० मिनिटांचे आवर्तन अखेरपर्यंत पाहिले, अशी आख्यायिका सांगितली जाते.

तोल साधण्याची रीत

चलशिल्पाची रचना शालेय विज्ञानातील तरफेच्या नियमावर आधारलेली आहे. आडव्या दांडीला ज्या बिंदूवर टांगले जाते तो तिचा टेकू. टेकूच्या एका बाजूचे वजन व त्याचे टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार दुसऱ्या बाजूच्या अशाच गुणाकाराइतका असेल, तर दांडी समतोल राहते. उदाहरणार्थ, दांडीचे स्वतःचे वजन विचारात न घेतल्यास, टेकूपासून ३० सेंटिमीटरवर टांगलेली २० ग्रॅमची चकती ही १० सेंटिमीटरवर टांगलेल्या ६० ग्रॅमच्या चकतीला तोलून धरते. म्हणून चलशिल्पात लहान व मोठे, जवळचे व दूरचे आकार परस्परांशी तोल साधू शकतात. दोन्ही बाजू सारख्या दिसण्याची आवश्यकता नसते.

कॉल्डर रचनेची सुरुवात सर्वांत खालच्या, टोकाच्या लहान घटकांपासून करीत. दोन पाने एका तारेच्या टोकांना बसविली, की त्या तारेचा तोलबिंदू शोधून तेथे आकडा करावयाचा. मग ही तयार झालेली जोडी हे एकच वजन मानून ते वरच्या तारेच्या एका टोकाला अडकवावयाचे. असे करीत ते खालून वर चढत जात. हे काम ते प्रामुख्याने कागदावरच्या आकडेमोडीने नव्हे, तर हाताच्या अंदाजाने करीत. अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांना नियम सांगण्यास उपयोगी पडले, पण पत्र्याचा कोपरा किती कापावा हे त्यांचे हातच ठरवीत.

रंगांच्या बाबतीतही त्यांचा कटाक्ष साधेपणावर होता. काळा, पांढरा व लाल हे त्यांचे मुख्य रंग; पिवळा व निळा यांचा वापर ते गरजेनुसार करीत. आकार एकमेकांपासून वेगळे ओळखू यावेत, हा त्यामागचा हेतू होता.

स्थिरशिल्प आणि इतर प्रयोग

न हलणाऱ्या शिल्पांना १९३२ मध्ये शिल्पकार झां आर्प यांनी 'स्टेबाइल' असे नाव दिले. पत्र्याचे तुकडे रिव्हेट वा बोल्टने जोडून उभारलेल्या या रचना स्वतः स्थिर असतात. हालचाल करावी लागते ती प्रेक्षकाला. सभोवती फिरताना किंवा कमानीखालून जाताना त्यांचे रूप पावलागणिक पालटत जाते.

१९३३ मध्ये कॉल्डर दांपत्य अमेरिकेत परतले व त्यांनी कनेटिकट राज्यातील रॉक्सबरी येथे एक जुने शेतघर विकत घेतले. मार्था ग्रॅहम यांच्या नृत्यप्रयोगांसाठी कॉल्डर यांनी नेपथ्य केले. १९३७ च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात स्पॅनिश प्रजासत्ताकाच्या दालनासाठी त्यांनी पाऱ्याचे कारंजे बांधले. हा पारा स्पेनमधील अल्मादेन येथील खाणींतला होता. यादवी युद्धात त्या खाणींवर फ्रँकोच्या सैन्याचा डोळा होता, त्यामुळे कारंज्याला राजकीय अर्थही होता. त्याच दालनात पाब्लो पिकासो यांचे 'गेर्निका' हे चित्र प्रथम प्रदर्शित झाले. हे कारंजे आता बार्सिलोना येथील मीरो प्रतिष्ठानात आहे. पाऱ्याची वाफ विषारी असल्याने ते काचेआड ठेवलेले आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धातूची टंचाई निर्माण झाली, तेव्हा कॉल्डर यांनी लाकडाचे छोटे तुकडे पोलादी तारांनी जोडून 'कॉन्स्टेलेशन' अर्थात 'तारकासमूह' ही मालिका केली (१९४३). त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने त्यांचे सिंहावलोकी प्रदर्शन भरविले. १९४६ मध्ये पॅरिसमधील लुई कारे कलादालनात झालेल्या प्रदर्शनासाठी त्यांनी टपालाच्या पुडक्यात मावतील अशी, सुटी करून पुन्हा जोडता येणारी चलशिल्पे पाठविली. त्या प्रदर्शनाच्या निमित्ताने तत्त्वज्ञ झां-पॉल सार्त्र यांनी लिहिलेला निबंध चलशिल्पांवरील महत्त्वाचे विवेचन मानला जातो. १९५२ च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत कॉल्डर यांना शिल्पकलेचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथील विद्यापीठाच्या मुख्य सभागृहासाठी (१९५२-५३) वास्तुविशारद कार्लोस राऊल व्हियानुएव्हा यांच्यासमवेत त्यांनी छताला व भिंतींना टांगलेले रंगीत फलक योजले. 'तरंगते ढग' या नावाने परिचित असलेले हे फलक शोभेबरोबरच ध्वनिनियंत्रणाचेही काम करतात. ध्वनितज्ज्ञांच्या सहकार्याने त्यांची जागा ठरविण्यात आली. या विद्यापीठाच्या परिसरास २००० मध्ये युनेस्कोने जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

अहमदाबाद येथील वास्तव्य

जानेवारी १९५५ मध्ये कॉल्डर व लुईझा हे गिरा साराभाई यांच्या निमंत्रणावरून भारतात आले. अहमदाबाद त्या वेळी मुंबई राज्यात होते. भारतभ्रमणाच्या बदल्यात काही कलाकृती कराव्यात, असे निमंत्रणाचे स्वरूप होते. साराभाई कुटुंबाच्या निवासस्थानी राहून कॉल्डर यांनी तेथेच चलशिल्पे, स्थिरशिल्पे व दागिने घडविले आणि नंतर दोघांनी देशातील इतर स्थळांना भेटी दिल्या. यांपैकी एका शिल्पाचे नाव 'फ्रांजी पानी' असे आहे; फ्रांजीपानी म्हणजे आपल्याकडील चाफ्याचा एक प्रकार. या काळातील काही कलाकृती २०१२ मध्ये लंडन येथील एका प्रदर्शनात एकत्र मांडण्यात आल्या. साराभाई कुटुंबाचा आधुनिक कलेशी निकटचा संबंध होता. अहमदाबादेत १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या जडणघडणीत गिरा व गौतम साराभाई यांचा मोठा वाटा होता.

सार्वजनिक शिल्पे

१९५३ पासून फ्रान्समधील साशे या गावीही कॉल्डर यांचे घर होते. पन्नाशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्यांच्या कामाचा आकार वाढला. ते पत्र्याची छोटी प्रतिकृती करीत. तिच्यावरून फ्रान्समधील तूर येथील बिएमों व कनेटिकटमधील सेग्रे या लोहकाम कारखान्यांत मोठी शिल्पे तयार होत. या कामावर ते स्वतः देखरेख ठेवीत. इटलीतील स्पोलेतो येथे १९६२ मध्ये उभारलेले 'तेओदेलापिओ' सुमारे १८ मीटर उंच असून त्याच्या कमानीखालून वाहने जातात.

मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथील 'ला ग्रांद व्हितेस' (१९६९) या लाल स्थिरशिल्पाचे ऐतिहासिक महत्त्व आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कला निधीच्या सार्वजनिक कला योजनेतून साकारलेले ते पहिले शिल्प होय. शासनाने ४५,००० डॉलर दिले व उरलेली रक्कम स्थानिक पातळीवर उभी करण्यात आली. फ्रेंच नावाचा अर्थ 'महावेग'. शहराच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'मोठा खळाळता प्रवाह', म्हणून हा श्लेष. सुमारे १३ मीटर उंचीच्या या अमूर्त रचनेला अनेक नागरिकांनी आरंभी विरोध केला. परंतु पुढच्याच वर्षापासून तिच्या छायेत वार्षिक कलामहोत्सव भरू लागला आणि कालांतराने तिची आकृती शहराच्या बोधचिन्हात सामावली गेली. विरोधाचा विषय असलेले शिल्प शहराची ओळख बनल्याचे हे उदाहरण सार्वजनिक कलेच्या चर्चेत नेहमी दिले जाते.

शिकागो येथील 'फ्लेमिंगो' (१९७४) हे सुमारे १६ मीटर उंचीचे लाल शिल्प मीस व्हान डेर रोह यांच्या काळ्या, काटकोनी इमारतींसमोर उभे आहे. इमारतींच्या सरळ रेषा व शिल्पाच्या कमानी यांतील विरोध हेतुपूर्वक साधलेला आहे.

सामाजिक भूमिका व अखेर

व्हिएतनाम युद्धाला कॉल्डर दांपत्याने उघड विरोध केला. कॉल्डर यांचे निधन ११ नोव्हेंबर १९७६ रोजी न्यू यॉर्क येथे हृदयविकाराने झाले. त्यापूर्वी काही आठवडेच त्या शहरातील व्हिटनी संग्रहालयात त्यांच्या कार्याचे भव्य प्रदर्शन सुरू झाले होते. जानेवारी १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्यपदक जाहीर केले. फोर्ड यांनी पूर्वी ग्रँड रॅपिड्सचे काँग्रेसमध्ये प्रतिनिधित्व केले होते. तथापि, युद्धात सक्तीच्या सैन्यभरतीस नकार देणाऱ्यांना माफी मिळावी या मागणीसाठी कुटुंबीय समारंभास उपस्थित राहिले नाहीत.

वारसा : गतीचे जतन

पाषाणमूर्ती शाबूत राहिली, की शिल्पकाराची कृती शाबूत राहते. चलशिल्पाबाबत तसे म्हणता येत नाही. 'पिट्सबर्ग' (१९५८) या चलशिल्पाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. पारितोषिकप्राप्त हे शिल्प त्या नावाच्या शहराच्या विमानतळासाठी दान करण्यात आले. मूळचे काळे-पांढरे असलेले शिल्प तेथे जिल्हा प्रशासनाच्या हिरव्या व सोनेरी रंगांत रंगविले गेले आणि त्याची मोकळी हालचाल रोखून ते मोटारीने फिरविण्यात येऊ लागले. एकही सुटा भाग हरवला नव्हता, तरी कलाकृती मात्र हरवली होती. कॉल्डर यांना हे मान्य नव्हते. परंतु शिल्पाला त्याचे मूळ रंग व मूळ गती परत मिळेपर्यंत अनेक वर्षे लोटली.

अनेक शिल्पांना आपली मूळ जागा सोडावी लागली. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथील एका बँकेसाठी १९७१ मध्ये केलेले 'ईगल' आता सिएटलच्या शिल्पोद्यानात आहे. शिकागोच्या उत्तुंग सीअर्स मनोऱ्यातील 'युनिव्हर्स' हे मोटारीवर चालणारे भित्तिशिल्प २०१७ मध्ये तेथून काढण्यात आले. न्यू यॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्रासाठी उभारलेले लाल स्थिरशिल्प 'बेंट प्रॉपेलर' ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात नष्ट झाले. ढिगाऱ्यातून त्याचे काही तुकडेच हाती लागले.

छोटी सर्कस १९८३ पासून व्हिटनी संग्रहालयाच्या मालकीची आहे. तिचे कापड, दोरे व तारा आता अतिशय नाजूक झाल्याने ती खेळवता येत नाही. मात्र झां पेन्लव्हे (१९५५) व कार्लोस व्हिलार्देबो (१९६१) यांच्या चित्रपटांत स्वतः कॉल्डर खेळ करताना दिसतात. वस्तू संग्रहालयात आणि तिचे प्राण चित्रफितीत, अशी या कलाकृतीची आजची स्थिती आहे.

याउलट वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय कलावीथीच्या पूर्व इमारतीतील विशाल चलशिल्पाची कहाणी आशादायक आहे. मूळ आराखड्याप्रमाणे ते पोलादात केले असते, तर वजनामुळे इमारतीतील मंद हवेने हललेच नसते. चित्रकार आंरी मातिस यांचे नातू पॉल मातिस यांनी मधाच्या पोळ्यासारखी पोकळ रचना असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या फलकांचा उपाय शोधला. सुमारे २३ मीटर रुंदीच्या या शिल्पाचे वजन त्यामुळे अवघे ४२० किलोग्रॅमच्या आसपास राहिले. कॉल्डर यांच्या निधनानंतर एका वर्षाने, नोव्हेंबर १९७७ मध्ये ते टांगण्यात आले आणि आजही ते संथपणे फिरत असते. येथे धातू बदलला, पण गती राखली गेली.

१९८७ मध्ये त्यांचे नातू अलेक्झांडर रोवर यांनी कुटुंबीयांसह कॉल्डर प्रतिष्ठानाची स्थापना केली. कलाकृतींची नोंद, संशोधन व प्रदर्शनांसाठी साहाय्य हे तिचे मुख्य कार्य आहे. साशे येथील त्यांच्या कार्यशाळेत आता इतर कलावंतांना राहून काम करण्याची संधी दिली जाते. अमेरिकेच्या टपाल खात्याने १९९८ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांच्या शिल्पांवरील पाच तिकिटे प्रसिद्ध केली. सप्टेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियात 'कॉल्डर गार्डन्स' हे स्थळ जनतेस खुले झाले. हेर्त्सोग व द म्युराँ यांची वास्तुरचना व पीट आउडॉल्फ यांनी आखलेली बाग यांतून ते साकारले आहे. ते ज्या राजमार्गावर आहे, त्याच्या एका टोकाच्या नगरभवनावर आजोबांचा पेन, मध्ये चौकात वडिलांचे कारंजे आणि दुसऱ्या टोकाच्या कला संग्रहालयात नातवाचे 'घोस्ट' (१९६४) हे पांढरे चलशिल्प आहे. दगड-कांस्यापासून हवेपर्यंतचा तीन पिढ्यांचा प्रवास या एकाच रस्त्यावर पाहता येतो.

कॉल्डर यांचा प्रभाव कलादालनांपुरता मर्यादित राहिला नाही. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर टांगलेल्या फिरत्या खेळण्याला इंग्रजीत 'मोबाइल' म्हणतात, ते द्युशां यांनी कॉल्डर यांच्या शिल्पांना दिलेल्या नावावरूनच. पुठ्ठा, दोरा व काड्या यांपासून चलशिल्प बनविणे हा अनेक देशांतील शाळांत कला आणि विज्ञान या दोन्ही विषयांचा उपक्रम झाला आहे.

निवडक कलाकृती

- कॉल्डरची सर्कस (१९२६-३१), व्हिटनी संग्रहालय, न्यू यॉर्क
- अ युनिव्हर्स (१९३४), आधुनिक कला संग्रहालय, न्यू यॉर्क
- पाऱ्याचे कारंजे (१९३७), मीरो प्रतिष्ठान, बार्सिलोना
- लॉब्स्टर ट्रॅप अँड फिश टेल (१९३९), आधुनिक कला संग्रहालय, न्यू यॉर्क
- तरंगते ढग (१९५२-५३), व्हेनेझुएला केंद्रीय विद्यापीठ, काराकास
- पिट्सबर्ग (१९५८), विमानतळ, पिट्सबर्ग
- तेओदेलापिओ (१९६२), स्पोलेतो, इटली
- ला ग्रांद व्हितेस (१९६९), ग्रँड रॅपिड्स, मिशिगन
- फ्लेमिंगो (१९७४), शिकागो
- शीर्षकविरहित चलशिल्प (१९७७ मध्ये स्थापित), राष्ट्रीय कलावीथी, वॉशिंग्टन